चहाच्या डब्यातले सात

इब्रीच्या बाहेर, डांबर संपतं तिथून अकरा किलोमीटर.
पहाटे पावणेपाचला सापळे बघायचे असतात.
ऊन चढलं की पत्र्याच्या पेटीत उंदीर शिजतो;
प्रशिक्षणात हेच जरा सौम्य शब्दांत सांगितलं होतं.

साठ सापळे. ओटचा भरडा, शेंगदाण्याचं लोणी.
डब्यातलं ते लोणी मी बोटाने चाटून पाहिलंय.
गोडमिट्ट. आपल्या कुटाची सर नाही त्याला.

बत्तिसाव्याचं दार मिटलेलं.
पिशवीत उलटा केला तर तळहातावर
वाळूच्याच रंगाची एक धडधड.
तळपायांनाही केस, चटका बसू नये म्हणून.
मादी. एकवीस ग्रॅम. कानाच्या पाळीत गोचिडाची दोन पिल्लं,
तिळाहून लहान, आतून भरत आलेली.
चिमट्याने काढून कुपीत.
कुपीवर पेन्सिलीनेच लिहायचं, शाई अल्कोहोलात पळून जाते.

बिल्ला जुनाच, डिसेंबरात मीच लावलेला.
‘पुन्हा सापडली’ असा एक रकाना आहे आमच्याकडे.
तिसऱ्यांदा आलीस गं बये, त्या लोण्यापायी!
मी निदान दुसऱ्याच हंगामाला आलेय.

दोडामार्गाकडे गोचीड पाचोळ्यात
पाय पसरून वाट बघत बसतो.
काजूच्या बागेत मावशीला असाच डसला,
सतरा दिवस ती माकडतापात बडबडत होती,
हिशेब सगळे, बियांचे, मजुरीचे.
इथला गोचीड वाट बघत नाही.
घाफच्या सावलीत उभं राहायचं, श्वास सोडायचा, आकडे मोजायचे.
चाळिसाच्या आत वाळूतून निघतात
पट्ट्यापट्ट्यांच्या पायांचे,
आणि पळत सुटतात, सरळ माझ्याकडे.
इतकी हवीहवीशी
मी याआधी कुणाला वाटले होते?

उंटांच्या गोठ्यावर आबकर. दारफूरचा.
उंट सोडून फारसं कुणाशी बोलत नाही.
गेल्या वर्षी म्हणाला, मोजता कशाला?
मी अंगठ्याच्या नखावर फोडतो. संपलं.
मी माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं :
फोडू नका. रक्तातून ताप येतो, वाईट ताप.
हातमोज्यांचा खोका दिला.
पुढच्या खेपेला मोज्याच्या एका बोटाला भोक पाडून
तो आईविना पिल्लाला दूध पाजत होता.

आज मार्चचा शेवट. सापळे धुऊन पिकअपमध्ये रचलेत.
खल्फान हॉर्न वाजवतोय.
आबकर आला, चहाचा रिकामा डबा पुढे केला.
आत सात. राखाडी, टरारलेले,
एरंडाच्या बिया म्हणून कुणी पेरले असते.

माझ्या ओठांवर आलंच होतं :
तारीख नाही, जनावर नाही, मला याचा उपयोग नाही.
तेवढ्यात दिसलं, प्रत्येकाची वेगळी पुडी,
आणि पुडीत एकेक केस.
मधाच्या रंगाचा. तांबूस. एक जवळजवळ काळा.

त्याने पहिला केस उन्हात धरला. समहा, म्हणाला.
मानेखालून. जुम्म्याच्या आदल्या दिवशी.
दुसरा बर्कचा, तिसराही बर्कचाच, तो लोळतो फार.
काळा त्या म्हाताऱ्या झबियाचा,
बगलेतून, लाथ खाऊन काढलेला.
सात केस, पाच उंट, एकदाही अडखळला नाही.
आमच्या तक्त्यात पाच ओळींत तीन खाडाखोडी असतात.

फोडले नाहीत ना?
त्याने अंगठे दाखवले.

पिकअपच्या बॉनेटवर, पोळत्या पत्र्यावर
सात चिठ्ठ्या लिहिल्या.
‘गोळा करणारा’ या रकान्यात
दोन वर्षं माझीच आद्याक्षरं आहेत.
पूर्ण नाव विचारलं. त्याला वाटलं, तक्रार करतेय.
मग हळूच सांगितलं.

चिठ्ठी नखाएवढी. पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं.
आबकर आदम.
बसलं.